मार डोक्याला, खूण नाडीत

३१ जानेवारी २०२५ ची रात्र. पुण्याजवळ गहुंजेला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना रंगात आला होता. भारताच्या डावातल्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. इंग्लंडच्या डावात दुबेच्या जागी ‘कंकशन सबस्टिट्यूट’, म्हणजे डोक्याला मार बसलेल्याचा बदली खेळाडू, म्हणून हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि भारत १५ धावांनी जिंकला. पुढे वाद पेटला तो एवढ्यावरच, की अष्टपैलू फलंदाजाच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा काय चालतो? वाद रास्त होता. पण त्या धुरळ्यात त्याहून कितीतरी नवलाची गोष्ट झाकली गेली. मुळात हा बदलीचा नियम आहे कशासाठी? चेंडू लागूनही जो माणूस उभा आहे, बोलतो आहे, धावसंख्या बिनचूक सांगतो आहे, त्याला बाहेर बसवायचं ते का?

याचं उत्तर लॉर्ड्सवर मिळालं होतं. १७ ऑगस्ट २०१९, अ‍ॅशेस मालिका. जोफ्रा आर्चरचा ताशी १४८ किलोमीटरहून वेगवान चेंडू स्टीव्ह स्मिथच्या कानाखाली, मानेवर बसला. स्मिथ कोसळला, उठला, तपासण्यांत पास झाला, परत येऊन खेळला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखत होतं, सुस्ती होती. पुन्हा तपासणी झाली आणि स्मिथ सामन्याबाहेर गेला. त्याच्या जागी आलेला मार्नस लबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कंकशन बदली खेळाडू. नियम लागू होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

मार शनिवारी बसला आणि त्रास रविवारी उगवला. हे कसं होतं, हे समजून घ्यायला गेलं की वाट डोक्यातून निघते आणि बघता बघता हृदयापाशी, नाडीपाशी, श्वासापाशी जाऊन पोहोचते. मला ही वाट विलक्षण वाटते, कारण डोक्याला लागलेला मार नाडीत दिसतो हे आपल्या मनातही येत नाही.

कंकशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार. हाड मोडत नाही, बहुतेक वेळा रक्त साचत नाही, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येतो. अनेकदा शुद्धही हरपत नाही. मग बिघडतं तरी काय? पहिला धागा सापडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑक्सफर्डमध्ये. डेरेक डेनी-ब्राउन आणि रिची रसेल या डॉक्टरांनी १९४१ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की डोकं मोकळं असताना ज्या फटक्याने कंकशन होतं, त्याच फटक्याने डोकं घट्ट जखडून ठेवलेलं असलं तर सहसा होत नाही. म्हणजे घात करतो तो फटक्याचा जोर नव्हे, तर डोक्याला अचानक मिळणारी गती. दोन वर्षांनी तिथल्याच होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू बनवला, त्याला हिसके दिले आणि आतले ताण कुठे पडतात ते पाहिलं. मेंदू दाबला जाण्याला चांगलं तोंड देतो, पण पिळवटला जाणं त्याला सोसत नाही. डोकं गर्रकन फिरलं की कवटी पुढे जाते, मऊ मेंदू मागे रेंगाळतो आणि आतले थर एकमेकांवर सरकतात. हेल्मेट कवटी वाचवतं, जीव वाचवतं, ते घातलंच पाहिजे. पण आतली ही पिळवटणूक ते पूर्ण थांबवू शकत नाही.

या ओढाताणीत तुटण्यापेक्षा ताणलं जाणं जास्त घडतं. चेतापेशींचे लांबलचक अक्षतंतू ताणले जातात, त्यांच्या आवरणांना क्षणभर गळती लागते. आत राहायला हवं ते पोटॅशियम बाहेर येतं, बाहेर थांबायला हवं ते कॅल्शियम आत घुसतं, ग्लुटामेट हा उत्तेजक संदेशवाहक भसाभसा सांडतो. ही विस्कटलेली घडी पूर्ववत करायला पेशींमधले सूक्ष्म पंप जिवाच्या आकांताने चालू लागतात. त्यांना इंधन हवं म्हणून ग्लुकोज भराभर जळतं. आणि नेमक्या याच वेळी मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा वाढायच्या ऐवजी बऱ्याचदा घटतो. गरज वाढलेली, पुरवठा आटलेला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ साली ही सगळी साखळी एकत्र मांडली. मार बसल्याच्या क्षणी पेशी मेलेल्या नसतात, त्या हळूहळू थकत जातात. शनिवार आणि रविवार यांच्यामधलं अंतर इथे दडलेलं आहे.

आता नाडीकडे येऊ.

वाचता वाचता उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लागली की सावकाश, खोल श्वास आत घ्या आणि तितक्याच सावकाश सोडा. चार-पाच वेळा केलं की ध्यानात येईल: श्वास आत जाताना ठोके किंचित घाईने पडतात, बाहेर जाताना रेंगाळतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटांना सहज जाणवतो. वय वाढेल तसा तो कमी होत जातो. हृदय घड्याळासारखं टिकटिकत असतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात निरोगी हृदय क्षणोक्षणी आपली लय बदलतं, आणि ही लवचीकता हेच त्याच्या तब्येतीचं लक्षण आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, ते मिलिसेकंदांत मोजता येतं.

हा बदल घडवून आणते स्वायत्त चेतासंस्था. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण, घाम, बाहुल्यांचा आकार, आतड्यांची हालचाल असा सगळा कारभार ती आपल्याला न विचारता चालवते. तिच्या दोन शाखा. अनुकंपी शाखा संकटात, श्रमात शरीराला सज्ज करते. परानुकंपी शाखा शांत करते, पचवते, सावरते. तिची मुख्य वाहिनी म्हणजे मेंदूच्या देठातून निघून मान, छाती ओलांडत पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नर्व्ह. हृदयाला आपलं आपण धडधडू दिलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके घेईल. आपण निवांत बसलेले असताना ते ६५-७० वर असतं, कारण व्हेगसने त्याची लगाम अखंड खेचून धरलेली असते. श्वास घेताना ती लगाम जराशी सैल होते, सोडताना पुन्हा आवळते. आत्ता बोटांखाली जाणवली ती हीच.

ही लगाम नेमकी कशाची आहे हे जगाला कसं कळलं, तीही अफाट गोष्ट आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. ईस्टरच्या आदल्या रात्री स्वप्नात त्यांना एक प्रयोग सुचला. त्यांनी उठून चिठोऱ्यावर काहीबाही खरडलं, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी त्यांनी कागद शोधलाच नाही. पहाटे तीनला उठून थेट प्रयोगशाळा गाठली. बेडकाची दोन धडधडती हृदयं घेतली. एकाची व्हेगस विजेने चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि ज्याला कुणी हात लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं! नर्व्ह हृदयाशी बोलते ती रसायनाच्या भाषेत, हे १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाने सिद्ध केलं. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन. १९३६ साली लोवींना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता हे दोन धागे जोडून पाहा. लगाम हृदयावर आहे, पण ती धरणारा हात मेंदूच्या देठात, मस्तिष्कपुच्छात आहे. त्या हाताला वरून सूचना देणारे हायपोथॅलॅमस, भीती जोखणारा अमिग्डाला, शरीराच्या आतल्या खबरी ठेवणारा इन्सुला आणि कपाळामागचा विचारी भाग हे सगळे लांब लांब अक्षतंतूंनी एकमेकांशी बांधलेले आहेत. आणि कंकशनमध्ये ताणले जातात ते नेमके हे लांब तंतू. म्हणजे हृदयाला ओरखडाही न उठता त्याचा कारभार विस्कळीत होऊ शकतो.

तो होतो का, हे पाहायला कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंवर झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. गॉल, पार्कहाउस आणि गुडमन यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. कंकशन झालेले खेळाडू आणि त्यांच्याच संघातले, त्यांच्याशी मिळतेजुळते धडधाकट सोबती असे गट घेतले. बसवून ठोके मोजले तर दोघांत फरक दिसेना. मग सायकल मारायला दिली, तीही हलकी. कंकशन झालेल्यांचं हृदय अधिक जोरात पळू लागलं आणि ठोक्यांमधला तो जिवंत चढउतार कमी झाला. विशेष म्हणजे हे खेळाडू बसल्या जागी ‘आता काही त्रास नाही’ म्हणणारे होते. पाच दिवसांनी पुन्हा पाहिलं तरी खूण पुसली गेली नव्हती.

बसल्यावर सगळं ठीक आणि हललं की बिघाड, हे कोडं सुटतं ते व्यायामाच्या सुरुवातीला काय होतं ते पाहिल्यावर. पहिल्या पावलांना ठोके वाढतात ते मुख्यतः व्हेगसने लगाम सोडल्यामुळे. श्रम वाढले की मग अनुकंपी शाखा टाच मारते. हा ताबा एकीकडून दुसरीकडे सोपवण्याचा क्षण नाजूक असतो, आणि दुखावलेला मेंदू तिथेच चुकतो.

असा ताबाबदल आपण दिवसातून शंभरदा करतो. अंथरुणावरून उठून उभं राहणं ही किती क्षुल्लक गोष्ट! पण उभं राहताक्षणी अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे ओघळतं. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब जोखणाऱ्या चेता आहेत. दाब उतरल्याची खबर त्या मेंदूच्या देठाला देतात, तिथून हुकूम सुटतो, काही सेकंदांत पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात आणि मेंदूला रक्त पोहोचत राहतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. कंकशननंतर काहींच्या बाबतीत ही साखळी अडखळते. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, घेरी येते, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. काही जणांत, विशेषतः किशोरवयीन मुलींत, उभं राहिल्यावर ठोके मिनिटाला चाळीस-चाळीसने वाढलेले आढळतात. रक्तदाब बरा, स्कॅन बरा, रक्ताचे रिपोर्ट बरे. अशा मुलीला घरात काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. ‘अभ्यास टाळायला नाटकं करते’ हे वाक्य या आजारात जितकं अन्यायकारक ठरतं, तितकं क्वचितच दुसरीकडे ठरत असेल.

डोकेदुखीचं काय? इथे या विषयातली मला सर्वांत थरारक वाटणारी साखळी आहे. आपला मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त त्याच्यातून वाहतं. हा ओघ कमी-जास्त करणारा मोठा नियंता म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घटला की आक्रसतात. निरोगी माणसात श्रम वाढले की श्वास आपोआप वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड ताब्यात राहतो. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात लांबलेल्या कंकशनने त्रासलेल्या खेळाडू मुलींना ट्रेडमिलवर चालवून हे मोजलं गेलं. त्यांचा श्वास श्रमांच्या मानाने कमी पडत होता. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत होता, मेंदूकडचा रक्ताचा ओघ नको तितका वाढत होता आणि डोकं ठणकू लागून त्यांना थांबावं लागत होतं. जिना चढल्यावर डोकं का दुखतं, याचं एक खरंखुरं, मोजता येणारं उत्तर या मुलींच्या श्वासात मिळालं.

उत्तराबरोबर उपायही तिथूनच निघाला. अनेक वर्षं जगभर सल्ला एकच होता: अंधाऱ्या खोलीत पडून राहा, वाचू नका, बोलू नका, पूर्ण बरं वाटेपर्यंत हलू नका. सल्ला प्रेमळ होता, पण त्याला पुरावा नव्हता. अमेरिकेतल्या मिलवॉकीमध्ये दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात आलेल्या मुलांवर हे तपासलं गेलं आणि २०१५ साली निष्कर्ष आला: पाच दिवस सक्तीची विश्रांती घेतलेल्या मुलांनी, एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू कामाला लागलेल्या मुलांपेक्षा जास्त लक्षणं नोंदवली.

बफेलोतले जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी त्या जुन्या सल्ल्याच्या उलट दिशेने विचार केला. कारभार बिघडलाय तो ताबाबदलाचा. मग ताबाबदलाचाच सराव का देऊ नये? त्यांनी ट्रेडमिलची एक चाचणी बसवली. ताशी पाचएक किलोमीटर वेगाने चालायला लावायचं, दर मिनिटाला चढ थोडा वाढवायचा, आणि दर मिनिटाला विचारायचं: डोकं कसं आहे? चक्कर? मळमळ? लक्षणं ठरावीक मर्यादेपलीकडे बळावली की थांबायचं आणि त्या क्षणाचे ठोके टिपायचे. समजा ते १४० भरले. मग त्याच्या ८० टक्के, म्हणजे ११२ ठोक्यांपर्यंत नेणारा व्यायाम रोज वीस मिनिटं करायचा, त्यापुढे जायचं नाही. काही दिवसांनी पुन्हा चाचणी. उंबरठा वर सरकलेला असतो; व्यायामही तेवढा वाढवायचा.

२०१९ साली या पद्धतीची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. १३ ते १८ वयाची १०३ मुलं, नुकतंच कंकशन झालेली. निम्म्यांना हा मोजका व्यायाम, निम्म्यांना फक्त अंग ताणण्याचे सौम्य प्रकार. बरं व्हायला लागलेला मध्यक काळ व्यायामवाल्यांचा १३ दिवस, दुसऱ्या गटाचा १७ दिवस. २०२१ साली आणखी ११८ मुलांवर तेच करून पाहिलं, तेव्हा १४ विरुद्ध १९ दिवस आले. चार-पाच दिवसांचा फरक कुणाला किरकोळ वाटेल. मला तो मोठा वाटतो. गोळी नाही, सुई नाही. चालणं हेच औषध, आणि मात्रा ठरवते रुग्णाची स्वतःची नाडी. वर ज्या खेळाडू मुलींचा उल्लेख केला, त्यांचा श्वास आणि मेंदूतला रक्तओघही अशा व्यायामानंतर पूर्वपदावर आला.

आज जगभरच्या तज्ज्ञांचं या बाबतीत बरंचसं एकमत आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२२ साली झालेल्या कंकशन परिषदेचं निवेदन पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. त्यात पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मोबाइल-टीव्हीचा पडदा कमीत कमी, पण घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालू, आणि त्यानंतर हलक्या चालण्यापासून चढती भाजणी असा क्रम सांगितला आहे. मात्र पुन्हा डोक्याला मार बसेल असा खेळ डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वर्ज्यच. चालायला हरकत नाही याचा अर्थ कबड्डीच्या मैदानात उतरायला हरकत नाही असा नव्हे, हे शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी आणि उत्साही पालकांनी ध्यानात ठेवायला हवं.

आपल्याकडे हा मार बहुतेकांना क्रिकेटच्या चेंडूने लागत नाही. दुचाकी घसरते, मूल गच्चीवरून किंवा झाडावरून पडतं, आजी न्हाणीघरात पाय घसरून आपटते. अशा वेळी आधी मोठा धोका नाही ना, ते पाहायचं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, वाढती गुंगी, बोलण्यात असंबद्धता, हातापायांत कमजोरी, दोन बाहुल्यांच्या आकारात फरक, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा. रक्त पातळ करण्याची औषधं घेणाऱ्या वृद्धांना तर मार किरकोळ वाटला तरी दाखवून आणा.

स्कॅन स्वच्छ आला, धोका टळला, की पुढचे काही दिवस घरच्यांच्या हातात असतात. बहुतेक मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत, मुलं महिन्याभरात सावरतात. त्यानंतरही उठताना घेरी येत असेल, जिना चढताना डोकं ठणकत असेल, बसल्या बसल्या छाती धडधडत असेल, तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ यावर थांबू नका. रुग्णाला आडवं झोपवून, मग उभं करून ठोके आणि रक्तदाब मोजा, असं तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्याला रक्तदाबाचं यंत्र, एक घड्याळ आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात.